चिंध्यांचे गालिचे आणि खिडकीतले दिवे

दोन वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचं काम काढलं, तेव्हा इंटिरियरवाला म्हणाला, "मॅडम, आपण स्कँडिनेव्हियन करू." म्हणजे काय, तर भिंती पांढऱ्या, सोफा राखाडी आणि बाकी काही दिसता कामा नये. पहिल्याच महिन्यात ओट्यामागच्या भिंतीवर हळदीचा हात लागला, तो डाग अजून आहे. ताई पहिल्यांदा आली, सगळीकडे फिरली आणि म्हणाली, "छान आहे गं. पेशंट कुठे झोपवलाय?"

तर ताईच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, सप्टेंबरात आम्हा दोघी बहिणींना स्टॉकहोमला बोलावलं, तेव्हा मी सांगून टाकलं की मला फिओर्ड नको, बोटीची सफर नको. घरं दाखव. व्हिसा आणि विमानाचं नेहमीसारखंच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दिवस पहिला, रविवार : स्टॉकहोम

संध्याकाळी पोचलो. भाची साधारण १९०० सालच्या एका इमारतीत भाड्याने राहते. दार उघडलं की आधी चपला-बूट काढायचे. हे ऐकून ताईचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं होतं, इथे लोक बूट घालून गादीवर बसतात.

हॉलच्या कोपऱ्यात छताला टेकलेलं पांढऱ्या-हिरव्या फरशांचं एक गोल खांबासारखं काहीतरी उभं होतं. मला वाटलं कपाट. ती निघाली शेगडी, काकेलुन. अठराव्या शतकात लोखंडाच्या भट्ट्यांनी जंगलं खाल्ली, जळण महाग झालं, तेव्हा सरकारने क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांना कमी लाकडात घर गरम होईल अशी शेगडी करायला सांगितलं. १७६७ मध्ये त्यांनी ती केली. धूर सरळ धुराड्यात न सोडता आतल्या आत वर-खाली फिरवायचा, म्हणजे विटा तापतात आणि विस्तव विझल्यावरही तासन् तास ऊब देत राहतात. भाचीच्या घरातली आता वापरात नाही, पण सोफा अजून तिच्याकडेच तोंड करून आहे. आपल्याकडे टीव्हीकडे असतो तसा.

जेवण झाल्यावर फिरायला बाहेर पडलो. रस्ता काळोखा, आणि प्रत्येक खिडकीत एकेक दिवा. खरोखर प्रत्येक. खिडकीच्या कट्ट्यावर छोटा टेबललॅम्प, नाहीतर वरून सोडलेला दिवा, शेजारी जिरेनियमची कुंडी, आणि पडदे उघडे. आत माणसं जेवतायत, कुणी पुस्तक वाचतंय. कुणाच्या घरात डोकावणं बरं नव्हे हे कळतं, पण मान वळायचीच. ताई म्हणाली, "यांच्याकडे ट्यूबलाइट नाहीत का?" आणि पुढचे सात दिवस ती दिवेच मोजत राहिली.

दिवस दुसरा, सोमवार : स्कान्सेन आणि एक दुकान

स्लुसेनवरून छोट्या बोटीने यूरगोर्डन बेटावर गेलो. तिथे स्कान्सेन आहे. आर्थर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने देशभरातली जुनी घरं उचलून आणून १८९१ मध्ये हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं, असं जगातल्या पहिल्या काहींपैकी. गाव बदलत होतं, घरं पाडली जात होती, आणि या माणसाला ती ओंडक्यांसकट हवी होती.

डालार्नातल्या मूरा गावच्या घरात शिरलो. खोली एक. भिंतीत कपाटासारखे बसवलेले पलंग. वर पाहिलं तर छताखाली आडव्या दांड्यावर मधोमध भोक असलेल्या राईच्या कडक भाकऱ्या ओवलेल्या. वर्षातून मोजक्याच वेळा भाजायच्या, दांड्यावर वाळवायच्या आणि महिनोन् महिने खायच्या. भोक कशाला, तर दांडा जायला. ताईने मान हलवली. बाजरीची खापरावरची वाळकी भाकरी तिने लहानपणी पोटभर खाल्ली आहे.

पण मला हलवलं ते हेल्सिंगलँडहून आणलेल्या डेल्सबोच्या वाड्याने. बाहेरून काळपट लाकूड, आणि आत गेलं की भिंती फुलांनी, वेलबुट्टीने, चित्रांनी मढवलेल्या. तिकडचे शेतकरी अळशी नि लाकडावर पैसा मिळवायचे आणि तो घरात ओतायचे. काही खोल्या, काही ठिकाणी तर आख्खं घरच, लग्न-बारशासारख्या कार्यांपुरतं राखून ठेवायचे आणि एरवी बंद. अशा सात वाड्यांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. आता यात पांढरं आणि रिकामं कुठे आहे? मी फोटो काढून आमच्या इंटिरियरवाल्याला पाठवला. त्याचा अंगठा आला.

दुपारी स्ट्रांडवेगेनवरच्या स्वेन्स्क्ट टेन या दुकानात. एस्ट्रिड एरिकसन नावाच्या चित्रकला शिक्षिकेने १९२४ मध्ये कथलाच्या वस्तूंसाठी हे सुरू केलं. पुढे व्हिएन्नाचे ज्यू वास्तुकार योसेफ फ्रांक नाझींच्या छायेतून निघून स्वीडनला आले आणि १९३४ पासून तिच्यासोबत काम करू लागले. युद्धाच्या काळात ते न्यूयॉर्कला होते. एरिकसनबाईंची पन्नाशी आली, तेव्हा त्यांनी तिला पन्नास नवी कापडनक्षी पाठवून दिली. त्या कापडांवर झाडं, पक्षी, न भूतो न भविष्यति अशी फुलं. फ्रांक यांचं म्हणणं असं की एकरंगी पृष्ठभागाने जीव अस्वस्थ होतो, उलट नक्षीवर नजर निवांत फिरत राहते. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर आईच्या घरात झोप लागायची."

किमती बघून कापडाला फक्त हात लावला. दुकान म्हणजे संग्रहालयच आहे, बघायला पैसे पडत नाहीत. कुणी मागे लागत नाही. निवांत बघा.

दिवस तिसरा, मंगळवार : फालुन

स्टॉकहोमहून रेल्वेने तीनेक तास. पाऊस, बर्चची पिवळी पडायला लागलेली झाडं, आणि त्यांच्यात लाल घरं. सगळी एकाच लालाची, कोपरे नि खिडक्या तेवढ्या पांढऱ्या. हा लाल येतो फालुनच्या तांब्याच्या खाणीतून. खाण १९९२ मध्ये बंद झाली, २००१ पासून तीही जागतिक वारसा. तोंडाशी एक राक्षसी खड्डा आहे. १६८७ मध्ये खाण आतल्या आत कोसळून तो झाला. त्या दिवशी मिडसमरच्या सणाची सुट्टी होती म्हणून कुणी मेलं नाही.

खाली पाच-सहा अंश तापमान असतं. जाडा कोट, टोपी आणि चढ-उताराला धडधाकट गुडघे, तिन्ही न्या. ताईने गुडघ्यांचं ऐकलं आणि वर कॉफीपाशी बसली.

रंगाची कृती मात्र आम्ही दोघींनी नीट ऐकून घेतली. खाणीच्या टाकाऊ मातीतून लोहयुक्त लाल भुकटी काढायची. पाण्यात पीठ शिजवायचं, त्यात ही भुकटी नि थोडं अळशीचं तेल घालून ढवळत राहायचं. पिठलंच की! हा रंग लाकडाला श्वास घेऊ देतो, पापुद्रे निघत नाहीत. काही वर्षांनी ब्रशने झाडायचं आणि वरून पुन्हा हात मारायचा, बस. आणि सुरुवात कशी, तर श्रीमंतांच्या विटांच्या घरांसारखं दिसावं म्हणून लाकडाच्या घरांना लाल फासायचे. आपल्याकडचे ग्रॅनाइट वाटणारे लॅमिनेट आठवले.

शाकाहारी मंडळींसाठी : इथलं प्रसिद्ध खाणं म्हणजे फालुकोर्व नावाचा सॉसेज. खाणीचे दोर बैलाच्या कातड्याचे, मग उरलेल्या मांसाचं काय करायचं, यातून तो आला म्हणतात. ताईने त्या दिवशी बटाटा आणि लिंगोनबेरीचा मुरांबा खाल्ला. मुरांबा आंबट-तुरट असतो, करवंदाच्या जवळ जाणारा. तिने बाटली विकत घेतली.

दिवस चौथा, बुधवार : सुंडबोर्न

सगळ्या प्रवासाचं कारण इथलं एक घर होतं, आणि नेमकी इथेच बस चुकली. फालुनहून सुंडबोर्नला बस कमी आहेत. आम्ही थांब्याच्या पलीकडच्या बाजूला उभ्या, आणि बस डोळ्यांदेखत उलटीकडून निघून गेली. पुढचीने पोचलो तोवर घर दाखवणारी इंग्रजी फेरी सुटलेली. घर आतून फक्त मार्गदर्शकाबरोबरच बघता येतं, म्हणून स्वीडिश फेरीत शिरलो, हातात इंग्रजी माहितीपत्रक. (इंग्रजी फेरीची वेळ आधी बघून तिकीट काढा, आणि बस तिच्या एक बस आधीची पकडा.)

घराचं नाव लिल्ला ह्युटनेस. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारीन यांचं. हे छोटं घर १८८८ मध्ये कारीनच्या वडिलांनी त्यांना दिलं. दोघांनी जोडत जोडत वाढवलं. दारावर यमक जुळवून लिहिलंय : "व्हेल्कोमेन शेरा दू, टिल कार्ल लार्सन ओ हान्स फ्रू." ये गं जिवलगा, कार्ल लार्सन आणि त्याच्या बायकोकडे. मार्गदर्शक मुलीने ते ठेक्यात म्हटलं. ताईने तिच्यामागे म्हटलं. फेरीतली स्वीडिश म्हातारी मंडळी हसली आणि तिथून पुढे ती पुढेमागे आमच्यासाठी मोडक्या इंग्रजीत भाषांतर करत राहिली. इंग्रजी फेरी चुकली ते बरंच झालं.

जेवणाची खोली लाल आणि हिरवी. भडक म्हणावी अशी. आपल्याकडे असा लाल-हिरवा एकत्र बघितला की लग्नाचा मांडव म्हणतील. बाकाच्या मागे भिंतीवर कारीनने विणलेला पडदा, चार महाभूतांचा, १९०३ सालचा. (त्यात आकाश नाही. ताईने लगेच मोजलं.) दारांवर बायको-मुलांची चित्रं रंगवलेली. कार्लच्या झोपायच्या खोलीत पलंग भिंतीला नाही, खोलीच्या मधोमध, भोवती पडदे. शेजारच्या खोलीत कारीन आणि मुलं. मधल्या दाराला कारीनने विणलेला पडदा, त्याचं नाव प्रेमाचा गुलाब. इथे एका म्हातारबुवांनी घसा खाकरला.

कारीन स्वतः शिकलेली चित्रकार. फ्रान्समधल्या ग्रे गावी चित्रकारांच्या वसाहतीत दोघांची ओळख झाली, १८८३ मध्ये लग्न. मग आठ मुलं झाली आणि तिचं रंगकाम थांबलं. पण थांबलं म्हणजे सरकलं. चादरी, पडदे, उशा, मुलांचे झगे, फर्निचरची रेखाटनं, सगळं तिने केलं. तिच्या माग-सुयांतलं काही त्या काळी कुणाच्या डोक्यातही नव्हतं इतकं धीट आहे. काळ्या-लाल सरळसोट रेषा, आकारांची तोडमोड. एका उन्हाळ्यात पाऊस थांबेना, नवरा कुरकुरत बसला, तेव्हा तिनेच सुचवलं की बाहेर जाता येत नाही तर घर रंगव. त्याने जलरंगात हे घर रंगवलं : खिडकीतली कुंडी, खुर्चीवर पाय हलवत बसलेली पोर, अर्धवट आवरलेला पसारा. त्या चित्रांनी तो देशाचा लाडका झाला आणि ही घरसजावट स्वीडिश म्हणून जगभर गेली. चित्रांवर सही त्याची.

मी बराच वेळ एका उशीच्या अभ्र्याशी रेंगाळले. कोपऱ्यात बारीक टाक्यांत के, बे, ल अशी तिची आद्याक्षरं. टाके किंचित तिरके, म्हणजे घाईत घातलेले. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे ते तिरके टाके आता फक्त माझ्या डोक्यात आहेत.

घर आजही लार्सनांच्या वंशजांकडेच आहे. बाहेर नदीकाठी बाकावर पाऊस थांबायची वाट बघत वेलचीचा बन खाल्ला. स्वीडनमध्ये वेलची इतकी सढळ हाताने घालतात की डोळे मिटले तर श्रीखंड आठवावं. दालचिनीच्या बनाचं कौतुक लोक करतात. माझं मत वेलचीला.

दिवस पाचवा, गुरुवार : शेजारच्या आजी

गुरुवारी स्वीडनभर वाटाण्याचं घट्ट सूप आणि नंतर पॅनकेक खायची जुनी रीत आहे. दिसतं आपल्या आमटीसारखं, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. विचारून घ्या. आम्ही विचारलं, म्हणून फक्त पॅनकेक खाल्ले.

चार वाजता भाचीच्या समोरच्या दारातल्या आजींनी फीकाला, म्हणजे कॉफी आणि गोडधोडाला, बोलावलं होतं. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. पूर्वी पाहुण्यांपुढे सात प्रकारची बिस्किटं ठेवायची पद्धत होती. यांनी दोनच केली होती, त्याबद्दल तीनदा माफी मागितली. ताईने पुण्याहून आणलेली बाकरवडी मध्ये ठेवली आणि म्हणाली, "सांग त्यांना, तीन झाली."

घर दोन खोल्या नि स्वयंपाकघर. एकही गोष्ट दुसरीशी जुळत नव्हती, आणि काहीही खटकत नव्हतं. चार खुर्च्या चार घरच्या, पण एकाच निळ्याने रंगवलेल्या. भिंतीशी लाकडी बाक, शोक्सोफा. बसायची फळी उचलली की आत अंथरूण. लहानपणी त्या आणि त्यांची बहीण त्यातच झोपायच्या, पायाकडे डोकं करून. बाक त्यांच्या आईच्या घरचा. त्याच्या एका कडेला मांजराने नखं घासल्याच्या रेघा, त्यावरूनही रंग दिलेला, पण रेघा बुजवलेल्या नाहीत. का, विचारलं तर म्हणाल्या, "मांजर चांगलं होतं."

टेबलावरचा दिवा इतका खाली, की ताई उठताना तिच्या कपाळाला लागला. आजी घाबरल्या, ताई हसत सुटली. दिवा खाली का, तर उजेड टेबलावर आणि समोरच्याच्या तोंडावर पडावा, छतावर नाही. ताईने मोजणी जाहीर केली : अकरा दिवे, छताला एकही नाही. डिसेंबरात इथे दिवस सहा तासांचा. उजेड एकदम ओतला तर खिडकीबाहेरचा काळोख जास्तच काळा दिसतो, तो थोडा थोडा मांडावा लागतो. हे आजींचं म्हणणं, भाचीच्या मराठीतून.

आणि जमिनीवर गालिचे. लांब, अरुंद, आडव्या पट्ट्यांचे. ट्रासमाट्टा, म्हणजे शब्दशः चिंध्यांची चटई. जुने सदरे, चादरी, पडदे फाडून पट्ट्या करायच्या, ताणा सुताचा, बाणा चिंध्यांचा. आजी पायाच्या अंगठ्याने दाखवत गेल्या : हा नवऱ्याचा पायजमा, हा मुलाच्या खोलीचा पडदा, हा माझा एक झगा, मला कधीच न आवडलेला. ताई खाली बसली, गालिच्याची कड उलटून पाहिली, आणि मराठीतच बोलायला लागली, की आमच्या आईच्या गोधडीतही असंच, वरच्या थराला नऊवार, आत काकांचं धोतर, आणि कोपऱ्याला चौकोनी ठिगळ. दोघी एकमेकींची भाषा न कळता दहा मिनिटं बोलल्या. भाची भाषांतर करायचं विसरली.

उन्हाळ्यात हे गालिचे धुवायला स्टॉकहोममध्ये पाण्याकाठी खास धक्के आहेत. तिथे मऊ साबण लावून ब्रशने घासतात. ताईने विचारलं, "आपटत नाहीत?"

दिवस सहावा आणि सातवा : कोपनहेगन

शुक्रवार रेल्वेत गेला, पाच तासांहून थोडा जास्त. पासपोर्ट जवळ ठेवा. २००० साली झालेला, स्वीडन-डेन्मार्कला जोडणारा ओरेसुंडचा पूल गाडीतून ओलांडताना ताई झोपली होती. तिने अजून मला माफ केलेलं नाही. संध्याकाळी राईच्या काळ्या पावावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयॉनीज आणि बारीक कांद्याची पात, असा स्मोरेब्रोड. शाकाहाऱ्यांचा हुकमी आधार.

शनिवारी ऑर्ड्रुपगोर हे चित्रसंग्रहालय. आधी चित्रं बघितली. विल्हेल्म हामरशोई, जन्म १८६४, म्हणजे लार्सनहून अकराच वर्षांनी धाकटा. कोपनहेगनच्या स्ट्रांडगेड रस्त्यावरचं स्वतःचं घर तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला : राखाडी भिंत, उघडं दार, काहीच नाही, आणि पाठमोरी उभी बायको. मला एकदम कळलं, आमचा इंटिरियरवाला कुणाच्या घरात राहायला गेला होता. चित्रं मात्र अप्रतिम आहेत. त्या राखाडीत किती रंग आहेत ते समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ताईचं म्हणणं एकच, "बाई सारखी पाठमोरी का? तोंड दाखवलं असतं तर म्हणाली असती, अहो, एखादी कुंडी तरी ठेवा."

बागेच्या कडेला फिन यूल या वास्तुकाराने १९४२ मध्ये स्वतःसाठी बांधलेलं घर आहे. तिशीत बांधलं आणि १९८९ मध्ये गेला तोपर्यंत तिथेच राहिला. (ते रोज उघडं नसतं. शनिवार-रविवार गाठा, आणि वेळा आधी बघा.) बाहेरून अगदी साधं, पांढरं. आत लाकडाचे वळसे, त्याची १९४९ सालची ढालीसारख्या हातांची चीफटन खुर्ची, पुस्तकं, चित्रं, आणि छतसुद्धा पांढरं नाही, पिवळसर झाक असलेलं. बाहेर ढग होते, तरी खोलीत ऊन असल्यासारखं वाटत होतं. मी ते छत पाहत उभी राहिले, मान दुखेपर्यंत.

रात्री खानावळीत टेबलावर मेणबत्ती आणली. डॅनिश भाषेत मेणबत्तीच्या उजेडाला म्हणतात "लिव्हिंग" अशा अर्थाचा शब्द : लेवेनं ल्यूस, जिवंत उजेड. वर पाउल हेनिंगसनचा दिवा, एकावर एक तीन छत्र्या. आतला बल्ब कुठूनही डोळ्यांत खुपू नये म्हणून १९२६ मध्ये त्याने ती रचना बसवली. ताईने खाली वाकून, बाजूने, उभं राहून पाहिलं. बल्ब दिसला नाही. वेटरने विचारलं, काही सांडलंय का.

परतल्यावर

मी हॉलमध्ये दोन छोटे दिवे आणलेत, खिडकीत जास्वंदाची कुंडी ठेवली आहे. ट्यूबलाइट अजून आहे, कारण नवऱ्याला पेपर वाचायचा असतो. हळदीच्या डागावर आईच्या गोधडीचं उरलेलं ठिगळ फ्रेम करून लावलं. इंटिरियरवाल्याला फोटो पाठवलेला नाही.

ताईने निघताना बॅग बांधायला घेतलेली जुनी हिरवी सुती साडी आजींना देऊन टाकली होती, दोन ठिकाणी विरलेली, काठ मात्र शाबूत. गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. आजींनी साडीच्या पट्ट्या फाडल्यात, माग लावलाय, पण एक शंका आहे : रंग जातो का?

ताईने फोन माझ्या हातातून घेतला. "सांग त्यांना, पहिल्या तीन धुण्यांत जाईल. विणायच्या आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा म्हणावं. आणि काठ मध्ये नको, कडेला घ्या."